सातावरचा काटा

१

सुलाबाई खैरनार आगीने नाही, धुराने गेल्या. एवढाच काय तो दिलासा, आणि तो देणाऱ्यालाही त्यात फारसा अर्थ वाटत नव्हता. द्वारका चौकामागच्या ‘श्रीफळ हाइट्स’मधलं पहिल्या मजल्यावरचं घर, दुपारची वेळ, अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि तिच्या पायाशी विजेवर तापणारी गरम पाण्याची पिशवी. पिशवीची वायर पेटली, मग गादी, मग पडदे. दाराबाहेर जिन्यातच लाल पेटी होती. पेटीत गुंडाळलेला लांब होज पाइप होता, शेजारच्या जाड लोखंडी पाइपाला फिरवायचा व्हॉल्व्ह होता, जमिनीखाली काठोकाठ भरलेली टाकी होती. वॉचमन झिपरू गावित धावत वर आला, होज जोडला, व्हॉल्व्ह फिरवला. पाणी आलं, आणि बघता बघता जोर जाऊन बसलं. शेजाऱ्यांनी बादल्या ओतल्या. आगीचा बंब द्वारकेच्या गर्दीतून वाट काढत पोचला, तेव्हा विझवायला आग बरीच होती आणि वाचवायला कोणी नव्हतं.

त्यानंतर आठवड्याने माजिदा सय्यद त्याच लाल पेटीसमोर येऊन उभी राहिली. विमा कंपनीसाठी जळक्या जागा तपासायच्या आणि आग का लागली, का विझली नाही, याचा अहवाल द्यायचा, हे तिचं काम. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. या कामात इतकी वर्षं गेली होती की जळकं घर पाहून तिला आता भीतीही वाटत नसे आणि हळहळही. घरी जाऊन अंघोळ करावी, एवढंच वाटे. हे आपलं असं झालंय, याचं मात्र तिला मनापासून वाईट वाटायचं.

कंपनीच्या साहेबांचा सकाळीच फोन येऊन गेला होता. “वॉचमनचा निष्काळजीपणा स्पष्ट दिसतोय ना मॅडम? मग तसं लिहा आणि मोकळ्या व्हा.”

लिहिणं सोपं होतं. पोलिसांचंही तेच म्हणणं होतं. टाकी भरलेली, आगीसाठी पाणी चढवणारी मोटर ठणठणीत, आणि तिच्या पॅनेलवरचा स्विच ऑटोवर, म्हणजे आपोआप सुरू होण्यावर. एवढं सगळं जागेवर असताना मोटर सुरू झाली नाही, याचा अर्थ त्या दुपारी स्विच बंद होता आणि आग लागल्यावर कुणीतरी गुपचूप परत ऑटोवर केला. पंपाच्या खोलीची चावी कुठे? झिपरूच्या केबिनमधल्या खिळ्याला. झालं, गणित सुटलं. सुलाबाईंच्या मुलाने, सुनीलने, झिपरूच्या नावाने तक्रार दिली होती. उद्या सकाळी झिपरूला पोलीस ठाण्यात बोलावलं होतं, आणि या खेपेला तो परत घरी येईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

माजिदा पंपाच्या खोलीत उतरली. ही खोली पार्किंगमध्ये होती, नेमकी सुलाबाईंच्या खोलीखाली. आत पंपांची देखभाल करणारा अमीर मिस्त्री वाट बघत होता. पोराच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“आपा, पोलिसांनी मला दोनदा उलटंपालटं केलंय. आता तुम्ही पण विचारा.”

“मला आधी समजावून सांग. हे चालतं कसं?”

कामाचं बोलायला मिळालं तसा अमीर जरा सावरला. “सोपं आहे. टाकीतलं पाणी या पाइपाने गच्चीपर्यंत भरलेलं असतं, आणि नुसतं भरलेलं नाही, दाबाखाली. दाब जरासा उतरला की ही छोटी मोटर सुरू होते. तेवढं भरून काढते आणि बंद होते. पण वर कुणी खरंच व्हॉल्व्ह उघडला की दाब धाडकन पडतो, ते छोटीच्या आवाक्यातलं नाही. मग ही मोठी उठते. स्वतःहून. सुरू करायला माणूस लागत नाही, आपा. माणूस लागतो तो बंद करायला. मोठी आपोआप कधीच थांबत नाही. आग विझली की नाही, ते मोटरला कुठून कळणार?”

“म्हणजे बंब येईपर्यंत बिल्डिंगने स्वतःला सांभाळायचं.”

“हां. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.”

मोठ्या मोटरला झेंडूचा वाळून कोळ झालेला हार होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तेव्हाचा. अंगावर हळदकुंकवाचे पुसट डाग होते. पॅनेलमागून भिंतीलगत जाणाऱ्या बारीक नळीला लाल कापडाचं टोक लोंबत होतं.

“तेही पूजेचंच?”

“असेल की. झिपरूभाऊ सगळ्याला काही ना काही बांधतात,” अमीर म्हणाला.

माजिदाचं लक्ष दाब दाखवणाऱ्या गोल मीटरकडे गेलं. काटा सातावर होता. भरपूर दाब आहे, पाइप तयार आहे, असं तो सांगत होता. तिने अमीरला मोटरशेजारच्या पाइपाची एक तोटी उघडायला लावली. त्यातून आलेली धार अगदीच मरगळलेली होती.

काटा सातावरच राहिला.

“मीटर खराब आहे, आपा,” अमीर खालच्या आवाजात म्हणाला. “आगीनंतर पोलिसांनी बटण दाबून मोठी मोटर चालवून बघितली, तेव्हाही काटा हलला नाही. दिवाळीत मी आलो तेव्हा चांगला होता, अम्मीची कसम. त्यानंतर सोसायटीने मला बोलावलंच नाही.”

२

झिपरूची खोली म्हणजे पार्किंगच्या कोपऱ्यातला चार पत्र्यांचा आडोसा. पण त्याच्या बायकोने, भागीबाईने, तो असा राखला होता की आत पाऊल टाकताना माजिदाने चपला नीट जोडून ठेवल्या. दारातच कापडी पिशवी भरून ठेवलेली दिसली. वर टॉवेल, त्याखाली सदरा, साबणाची वडी.

“गावाला निघालात?”

भागीबाईने मान हलवली. “नाय बाई. उद्या ठाण्यात जायचं हाय ना. मंग कवा सोडतील कुनाला ठावं. थंडीचं अंगावर काय तरी पायजे.”

झिपरू डोंगराळ पेठकडचा. शेतातली नागली, म्हणजे नाचणी, उरकली की डोंगरातली माणसं द्राक्षबागांत कामाला उतरतात, तसा तोही उतरला आणि एका साली शहरातच राहून गेला. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. खैरनारांच्या दाराची कडी त्याने तापलेली असताना धरली होती.

“स्विचला हात लावला होता का? खरं सांगा. मी पोलीस नाही.”

“नाय म्याडम. मी खोलीत रोज जातो, पन फकस्त काटा बघायला. अमीरभाऊनं शिकवलं, काटा सातावर पायजे. सकाळी पानी सोडलं की मी काटा बघतो. त्या दिवशीबी बघितला. सातावर व्हता.”

“सातावर होता, मग पाणी का बसलं?”

“त्येच तर पोलीस इचारत्यात.” झिपरूने पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवले. “म्हनत्यात तू खोटं बोलतो. आता म्या काय सांगू? व्हॉल्व्ह फिरवला तवा पानी आलं, लय जोरात आलं. मला वाटलं वाचली म्हातारी. मंग जोर कमी कमी होत गेला अन् पाइप नुसता हवा वढायला लागला.”

माजिदाला हे वाक्य महत्त्वाचं वाटलं. आधी जोरात आणि मग काहीच नाही. म्हणजे पाइप तुंबला नव्हता, होज फाटला नव्हता, व्हॉल्व्ह गंजला नव्हता. पाइपात उभं असलेलं पाणी होतं तेवढं आलं. त्याच्या मागून मोटरने द्यायचं पाणी आलंच नाही.

“चावी कोण कोण घेतं?”

“खिळ्याला असते. बिल्डिंगचीच मानसं, कुनाला नाय म्हनू? कुनी झाडू ठेवतं, कुनी सायकलीचा पंप ठेवतं.”

माजिदा उठली. गुडघ्याने कटकन आवाज केला. भागीबाईने चहा टाकला होता, म्हणून ती परत बसली. अशा घरात चहा नाकारणं तिला कधी जमलं नव्हतं.

“तो काटा आधीपासून असाच सातावर असायचा?”

“नाय नाय.” झिपरूच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातलं पहिलं हसू आलं. “आधी लय चळवळ्या व्हता. सहावर यायचा, मंग छोटी मोटर घुर्रर्र करायची, परत सातावर. दिवसभर, रातभर त्येच. वरच्या म्हाताऱ्या आईला झोप नाय लागायची, सुनीलदादा लय वैतागायचे. मंग संक्रांतीच्या अगोदर आपसूक शहाना झाला. तवापासून सातावर म्हंजी सातावर. जागचा हाललाच नाय.”

माजिदाने कप खाली ठेवला. जो काटा कधीच हलत नाही, त्यावर विश्वास कुणी ठेवायचा? पण झिपरूला शिकवलं होतं ते एवढंच, की काटा सातावर हवा. तो हलायलाही हवा, हे शिकवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

३

सोसायटीच्या सेक्रेटरी संध्याताई सातव्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट आगीपासून बंद होती. माजिदा जिने चढली आणि प्रत्येक मजल्यावरच्या लाल पेटीशी दम खायला थांबली. एका पेटीत कुणीतरी जुने बूट ठेवले होते, एकीत रद्दी. आपल्या लोकांची ही खोडच, तिच्या मनात आलं. पेटी आगीसाठी आहे, आणि आग काय रोज थोडीच लागते! रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात.

संध्याताईंनी तिला थेट गच्चीवर नेलं. तिथे त्यांची बाग होती. मिरच्या, वांगी, दुधीचा मांडव. बोलण्याआधीच त्यांनी कानावर हात ठेवले.

“हे बघा मॅडम, मी त्या सिस्टीमला हातसुद्धा लावत नाही. मला त्यातलं काही कळत नाही. झिपरूला पगार कशाचा देतो आपण?”

“अमीरला दिवाळीनंतर बोलावलं नाही तुम्ही.”

“मीटिंगमध्ये ठरलं होतं, पुढच्या वर्षी बघू. सगळ्यांनी हात वर केले, माझ्या एकटीचा थोडाच होता?”

माजिदा कठड्याला टेकली. दमलेल्या माणसाला एक फायदा असतो, त्याला गप्प बसायला कष्ट पडत नाहीत. समोरच्यालाच मग बोलावं लागतं. तिची नजर गच्चीच्या कोपऱ्यात गेली. लाल पाइप तिथे संपत होता. त्याच्या टोकाला व्हॉल्व्ह होता आणि व्हॉल्व्हखाली निळा ड्रम.

“तो ड्रम कशाला?”

संध्याताईंचा आवाज खाली आला. “तो व्हॉल्व्ह जरासा गळायचा. टपटप टपटप. पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून ड्रम ठेवला. झाडांना होतं. तुम्हाला माहीत आहे उन्हाळ्यात इथे पाण्याची काय बोंब असते. मी काही मुद्दाम उघडला नव्हता हो.”

म्हणजे गच्चीवर गळत होतं, म्हणून पाइपातला दाब उतरत होता, म्हणून खाली छोटी मोटर रात्रंदिवस घुरघुरत होती. एकीची मिरची पिकत होती आणि दुसरीची झोप उडत होती. दोघींची फारशी ओळखही नसावी.

“ड्रम तर कोरडा आहे,” माजिदा म्हणाली.

“हो ना. ती गळती थांबली की. संक्रांतीच्या आधीच थांबली. तिळगुळाला माणसं येणार म्हणून मी गच्ची धुवायला आले, बघते तर ड्रम रिकामा. मला वाटलं अमीरने दुरुस्त केला.”

“अमीर आलाच नव्हता.”

“मग आपोआप थांबली असेल.” संध्याताई जरा थांबल्या. “पण त्या दिवशी, आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोलिसांनी मोटर चालवून बघितली ना? तेव्हा परत गळायला लागली होती. मग पुन्हा थांबली. आता आपोआप बऱ्या होणाऱ्या वस्तू मी तरी कधी बघितल्या नाहीत.”

माजिदानेही बघितल्या नव्हत्या. बिघडलेली वस्तू काही न करता बरी झाली की समजावं, दुसरीकडे काहीतरी मेलंय. गळती थांबली कारण पाइपातला दाबच गेला होता. आणि खाली मीटर मात्र त्याच दिवसापासून सातावर ठाम उभा होता.

मीटर खराब नव्हता. त्याला पाइपापासून कुणीतरी तोडलं होतं.

४

सुनील खैरनार अजूनही त्याच घरात राहत होता. जळलेली खोली त्याने चादर लावून झाकली होती आणि स्वयंपाकघरात सतरंजी टाकली होती. चाळिशीचा, लग्न राहून गेलेला माणूस. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर. आई पडल्यापासून तो कामावरून थेट घरी यायचा. दुपारपर्यंत सोबतीला एक बाई असायची. आग लागली तेव्हा ती नुकतीच निघून गेली होती आणि सुनीलची शिफ्ट सुटायची होती.

“मला पैसे नकोत, मॅडम,” तो आधीच म्हणाला. “विम्याचं काय ते सोसायटीला द्या. मला फक्त तो माणूस आत गेलेला बघायचाय.”

“झिपरूने तुमच्या आईसाठी हात भाजून घेतले.”

“आणि मोटर कुणी बंद ठेवली? मी रोज पंपांत काम करतो. मोठा पंप असा रुसत नाही. दाब पडला की तो उठतोच. नाही उठला, म्हणजे कुणीतरी स्विच बंद केला होता. झोप मोडते म्हणून केला असेल, त्याची खोली तिथेच आहे.” त्याचे डोळे लाल होते, पण आवाज कोरडा होता. “एक माणूस ठेवलाय त्या कामाला. एकच काम.”

वड्याचं तेल वांग्यावर काढणारी माणसं माजिदाने पुष्कळ पाहिली होती. हा त्यातला वाटला नाही. याची खरोखरच खात्री होती, आणि म्हणूनच तो अवघड होता.

“पाणी घेता?” सुनील उठला. त्याने माठातून पेला भरून दिला आणि पाय लागून गडगडलेलं भांडं ओट्याखालच्या कपाटात ठेवायला वाकला. ओट्याखालचं दार उघडंच राहिलं. आत सिंककडे जाणाऱ्या नळीवरचा कॉक बंद केलेला होता. कॉकचा दांडा काढून त्याच नळीला बांधून ठेवला होता, लाल कापडाच्या चिंधीने.

माजिदाच्या हातातला पेला तसाच राहिला.

“हे काय आहे?”

“ते? सिंकचा नळ गळत होता. वॉशर आणायचा राहिलाय, तोवर पाणी बंद केलंय.”

“आणि चिंधी?”

आईचं सोडून दुसरं काहीतरी कुणीतरी विचारलं, याचं त्याला बरं वाटलं असावं. तो ओट्याला टेकला. “आमच्या उस्तादांची शिकवण. मी शिकाऊ होतो तेव्हा शफीचाचा म्हणून होते. ते म्हणायचे, बंद कुणीही करतो रे, उघडायचं कोण लक्षात ठेवतो? तात्पुरतं काही बंद केलं की दांडा काढायचा, म्हणजे दुसरा कुणी चुकून उघडत नाही. आणि लाल चिंधी बांधायची, म्हणजे आपण विसरत नाही. उघडलं की चिंधी सोडायची. अंगात भिनलंय ते. आई हसायची, म्हणायची, घराला नजर लागू नये म्हणून बांधतोस का.”

तो हसला, आणि मग हसू आलं याचीच त्याला लाज वाटली.

माजिदाने पाणी संपवलं. वेळ काढायला तिला तेवढंच करता येत होतं. तिला पंपाच्या खोलीतलं लाल टोक आठवत होतं. पूजेचा धागा यंत्राच्या अंगावर बांधतात, सगळ्यांना दिसेल असा. पॅनेलमागच्या अंधारातल्या बारीक नळीची पूजा कोण करतो? दसऱ्याचा हार वाळून कोळ झाला होता, पण ते लाल कापड मात्र ताजं होतं.

५

खाली येऊन ती पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसली. पिशवीतल्या थर्मासमध्ये चहा होता, तो निवला होता. तरी प्यायली.

अहवाल दोन तऱ्हांनी लिहिता आला असता. ‘मीटर नादुरुस्त, मोटर सुरू न होण्याचं कारण कळू शकलं नाही.’ असं लिहिलं की ती घरी जायला मोकळी होती. सुनीलला काहीच कळलं नसतं. आईच्या मागे एकट्या राहिलेल्या माणसाला निदान रागाचा आधार उरला असता. मात्र त्या कारणाच्या रिकाम्या जागेत पोलिसांनी झिपरूचं नाव भरलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची जगाला हौसच असते, आणि इथे तर चोरही नव्हता. तिला दोघांचीही दया आली, आणि दया येते आहे हे कळून ती जरा चकित झाली. जळक्या घरांनी तिच्यातलं सगळंच काही नेलं नव्हतं.

तिने अमीरला हाक मारली, पॅनेलमागची नळी त्याच्याकडून तपासून घेतली आणि सुनीलला खाली बोलावलं. झिपरू आपणहून येऊन पंपाच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याला आत या म्हणावं, असं सुनीलच्या तोंडाकडे बघून कुणाला वाटलं नाही.

माजिदाने पॅनेलमागे बोट केलं. “सुनीलभाऊ, ही चिंधी कुणाची?”

“माझी,” तो लगेच म्हणाला. लपवण्यासारखं काही आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. “छोट्या मोटरचा कॉक आहे तो. मी बंद केला होता.”

“केव्हा?”

“संक्रांतीच्या आधी. आई रात्र रात्र जागी असायची, मॅडम. डोळा लागला की खालून घुर्रर्र. सोसायटीला सांगून सांगून थकलो. मग छोटीचा दाबाचा स्विच, दाब उतरला की तिला चालू करणारा, तो नळीपासून तोडला. सातावर असताना कॉक बंद केला की त्या स्विचला वाटतं, दाब आहे. मोटर गप्प. आई जरा सुधारली की उघडणार होतो.” तो थांबला. “पण त्याचा आगीशी संबंध नाही. छोटी मोटर आग विझवत नाही. मोठीचा स्विच वेगळा असतो, वेगळ्या नळीवर. एक झोपला तरी दुसरा जागा पाहिजे, म्हणूनच. आमच्याकडे सगळीकडे तसंच आहे.”

अमीरने माजिदाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. कुणीतरी सांगायला हवंच होतं.

“दादा,” अमीर हळूच म्हणाला, “इथे तसं नाही. बिल्डरने एकच नळी काढलीय. मीटर, छोटीचा स्विच, मोठीचा स्विच, तिन्ही तिच्यावरच.”

“शक्य नाही.”

“पॅनेलमागे आहे. पुढून दिसत नाही.”

सुनील वाद घालत बसला नाही. फिटरने करावं तेच त्याने केलं. नळीवर हात ठेवला आणि हातानेच वाट काढत गेला. कॉकपासून वर, पॅनेलच्या मागे, जिथे डोळे पोचत नव्हते तिथे बोटं पोचली. एक फाटा मीटरकडे. दुसरा छोटीच्या स्विचकडे. बोटं आणखी आत गेली आणि तिथेच थबकली. बराच वेळ त्याने हात मागे घेतला नाही.

“गच्चीवरची गळती त्याच दिवसांत थांबली,” माजिदा म्हणाली. हे बोलणं तिच्या कामाचा भाग होता, आणि आज तिला ते काम नकोसं झालं होतं. “पाइपातला दाब गळून गेला आणि भरून काढणारं कोणी उरलं नाही. झिपरू रोज काटा बघत होता, काटा सातावर होता. तो खोटं बोलत नव्हता. काट्यामागे कोंडून राहिलेला जुना दाब तो बघत होता. त्या दुपारी व्हॉल्व्ह उघडला तेव्हा पाइपातलं होतं तेवढं पाणी आलं. मोठ्या मोटरच्या दाबाच्या स्विचला मात्र वाटत राहिलं, सगळं ठीक आहे. पॅनेलवरचा स्विच ऑटोवरच होता, सुनीलभाऊ. पहिल्यापासून. कुणी हात लावला नव्हता.”

दारातून झिपरू पुटपुटला, “दादा आत गेले व्हते संक्रांतीच्या अगोदर. मी बघितलं व्हतं. पन दादा तर मोटरांतलेच. म्हनलं, काय तरी चांगलंच करत असतील.”

सुनीलने चिंधीची गाठ सोडली. त्यात बांधलेला दांडा काढला, कॉकवर बसवला आणि फिरवला.

सातावरचा काटा घसरत खाली गेला. छोटी मोटर घुरघुरली. आणि तिच्या मागोमाग, कुणी बटण न दाबता, कुणी न सांगता, मोठी मोटर उठली. सगळी खोली थरथरू लागली, दसऱ्याच्या हाराचा चुरा गळून खाली पडला. काटा पुन्हा वर चढला, साताच्या पलीकडे गेला आणि तिथे थरथरत राहिला.

सुनील मोठ्या मोटरसमोर उभा राहून बघत होता. त्याच्या आईच्या खोलीखाली ती इतके दिवस अशीच तयार उभी होती. तो रडत होता, पण त्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. माजिदाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणखी काय करावं हे तिला माहीत नव्हतं.

मोठी मोटर आपोआप थांबत नाही. अमीरला बटण दाबायचा धीर होईना. शेवटी झिपरूच आत आला आणि पट्टी बांधलेल्या हाताच्या कोपराने त्याने बटण दाबलं.

“चल, झिपरू,” खोली शांत झाल्यावर सुनील म्हणाला. “ठाण्यात जाऊ.”

“उद्या बोलावलंय, दादा.”

“तुला उद्या बोलावलंय. मला आज जायचंय. तू सोबत चल फक्त. मी काय सांगतो ते तू ऐकायला हवंस.”

माजिदाने आपली पिशवी उचलली. तीही जाणार होती. अहवाल आता तिला एकाच तऱ्हेने लिहिता येणार होता. त्यात तिने एकच गोष्ट ठळक लिहायची ठरवली, की एका नळीवर सगळ्यांचे जीव टांगू नयेत. कुणी वाचेल का, हा पुढचा प्रश्न होता.

बाहेर भागीबाई उभी होती. माणसं बाहेर पडताना बघून तिने धावत जाऊन कपड्यांची पिशवी आणली आणि नवऱ्यापुढे धरली. झिपरूने मान हलवली. “ऱ्हाऊ दे. मी येतो परत.”

ती पिशवी छातीशी धरून तिथेच उभी राहिली. सुनील तिच्यासमोरून मोकळ्या हातांनी गेटकडे निघाला. त्याची पिशवी भरून देणारं घरात आता कोणी नव्हतं.